अडकित्त्याने कापलेली गोळी

संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या शेजाऱ्याला फसवलं. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या कमी करून, नुसत्या हातांनी पाठ मोकळी केली तर जुनं दुखणं आटोक्यात येतं का, हे ते तपासत होते.

शेजारी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. समुद्रपूरकडच्या रस्त्यांनी त्याची पाठ खाल्ली. कुठेही बसण्याआधी तो खुर्ची तळव्याने दाबून पाहतो. उपचार सुरू झाले तसा तो ओट्यावर बसून अडकित्त्याने गोळी कापायला लागला. आधी अर्धी घ्यायचा, मग पाव.

"पाहा शेठ," तो मला तुकडा दाखवायचा, "तुमी कापसाचा भाव तोडता, मी गोळी तोडून राह्यलो."

संशोधन संपल्यावर त्याला सांगण्यात आलं की त्याच्या पाठीवर नुसताच हात ठेवत होते. रुग्णांचे दोन गट केले होते, खरे उपचार दुसऱ्या गटाला मिळाले.

मी कापसाचा व्यापारी, सौदा अर्धवट सोडत नाही. डॉक्टरांचं टेबल बडवून म्हटलं, आता तरी याला खरे उपचार द्या.

"सगळं आधी समजावलं होतं, त्यांची सही आहे," डॉक्टर म्हणाले. "आता उपचार करणारं पथकच गेलं."

त्याच संध्याकाळी त्याची पाठ पुन्हा धरली. शेजाऱ्याने अडकित्ता माझ्या हातात ठेवला.

"घ्या, सुपारी खाजा. मले आता कायले पाह्यजे?"

आणि अख्खी गोळी गिळली.

तुमचा हात खोटा होता, डॉक्टर, पण त्याचा आराम खरा होता. तो काढून घेऊन त्याला काय दिलंत? मला नको, त्याच्या ओट्यावर येऊन त्याला सांगा.