दिसते तिथंच मारा

आमच्या भैंसा गावातल्या सायकलवाल्यानं समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण भिंतीवर दोन ट्यूना माशांच्या चित्राचं कॅलेंडर होतं. कॅलेंडर चौऱ्याऐंशीचं, नव्वद उजाडलं तरी उतरलं नाही. जुन्या स्पोकांचा तो मासे मारायचा भाला बनवायचा आणि मागणाऱ्याची आधी परीक्षा घ्यायचा.

"मास्तर, या दोघांत फरक काय हाय?" पान्यानं चित्रावर ठोकत त्यानं मलाही विचारलं होतं.

"दोन्ही सारखेच," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यानं भाला दिला. "दिसते तिथंच मारा."

दोन उन्हाळे मी नदीत नुसतं पाणी भोसकलं.

मग एकदा पंक्चर काढून घेत बसलो होतो, तर एक म्हातारी भाला मागायला आली. तिनं चित्र न्याहाळलं. "याच्या पोटावर पट्टे हायेत, त्याचे पंख पिवळे. पण पिल्लावाली कोणती हाय? तिले मी मारत नाई."

तो चक्क उठून उभा राहिला. "माय, पाण्यात मासा वर दिसते, रायते खाली. दिसते त्याच्या खाली मार."

मी डोळे वटारले.

"काऊन, मास्तर?" ट्यूब पाण्यात बुडवत तो म्हणाला. "लागला काय, नाई लागला काय, तुमाले तर दोन्ही सारखेच!"