माझा पासपोर्ट कुणाकडे असतो?

इथे आखातात, बौशरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक नॉर्वेची बाई राहायला आली, तेव्हापासूनच मला तिचा संशय होता. वय सत्तरीचं, केस आखूड आणि पांढरे. मुलगी इथे इंजिनियर, तिच्याकडे हिवाळाभर मुक्काम. तरुणपणी आपल्या देशात बायकांच्या हक्कांसाठी तिने मोर्चे काढले होते, पोलिसांनी उचलून नेलं होतं, आणि त्याच विषयावर पुस्तकंही लिहिली होती. हे सगळं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, मी न विचारता.

पुस्तकं लिहिणारी बाई फुकट कॉफी पाजत नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी जायची. हे रुसैलच्या फॅक्टरीत सुपरवायझर, सकाळी गेले की संध्याकाळीच येत. मूलबाळ नाही, माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, मग बोलायचं कुणाशी, भिंतींशी? तिचे प्रश्न मात्र ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातले. भांडण झालं तर तू कुठे जातेस? मी म्हणायची, स्वयंपाकघरात. नवरा रोज भांडी घासतो, असंही एकदा ठोकून दिलं. तिच्या पुस्तकात मला बिचारी व्हायचं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात चिपळूणला आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मला जायचंच होतं. हे म्हणाले, "दोघांचेही पासपोर्ट कंपनीत आहेत. अर्बाब रजेशिवाय देत नाही. पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला." इथे बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीतच, अर्बाबच्या म्हणजे मालकाच्या ताब्यात असतात. मी रडले आणि वाट बघायचं ठरवलं.

खाली कॉफी पिताना हे तोंडातून निघून गेलं. तिने कप खाली ठेवला.

"तू त्या कंपनीत काम करतेस?"

"नाही."

"मग तुझा पासपोर्ट त्यांच्याकडे कशाला?"

माझं डोकंच फिरलं. आमच्यात असंच असतं, असं म्हणून मी अर्धी कॉफी टाकून वर आले. ही बाई माझं घर फोडायला बसली आहे, याबद्दल आता शंकाच उरली नव्हती. पण तो प्रश्न काही खाली राहिला नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तो डोकं खात होता.

कंपनीची व्हिसाची कामं रत्नागिरीचे एक चाचा बघत. दुसऱ्या दिवशी त्यांनाच फोन लावला.

"तुमचा पासपोर्ट? नाय हो भाभी, फॅमिलीचे आमी ठेवतच नाय. शिक्का झाला, त्याच दिवशी भाईंच्या हातात दिला."

मग मी घर उपसलं. कपाट, गाद्या, देवांच्या मागची फळी. कुठेच नाही. संध्याकाळी हे आंघोळीला गेले, तेव्हा त्यांची ऑफिसची बॅग उघडली. आतल्या कप्प्यात माझा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. रोज रुसैलला नेत होते आणि परत आणत होते.

मी तो टेबलावर ठेवला. हे बाहेर आले, बघितलं, आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खुर्चीत बसले.

"मागच्या वेळी माहेरी गेलीस आणि पंधरा दिवसांचे चार महिने केलेस. इथे मी एकटा..."

मला कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला. "मला सांगायचं होतंत, लवकर ये म्हणून."

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

तिकीट त्याच रात्री काढलं. सकाळी निरोप घ्यायला खाली गेले. मिळाला का, तिने विचारलं.

"कंपनीने दिला," मी म्हणाले. माझा नवरा कुणाच्या पुस्तकात जायला नको होता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं, तरी तिने आईची चौकशी केली आणि प्रवासासाठी बिस्किटांचा पुडा दिला.

विमानतळावर हे सोडायला आले. काउंटरपाशी माझा नंबर आला, तसा ह्यांनी सवयीने हात पुढे केला.

"दे इकडे, मी दाखवतो."

"राहू दे," मी म्हणाले. "माझा मी दाखवते."

हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी माझी बॅग उचलून काट्यावर ठेवली.