मेरीआजीचं मत

द हेगच्या बाजारात सुरिनामी दुकानातून खारवलेल्या कॉड माशाचा वास आला आणि मी थेट न्यूफाउंडलंडमधल्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचले.

न्यूफाउंडलंड एके काळी स्वतंत्र देश होता, मग मतदान होऊन कॅनडाचा किनारी प्रांत झाला. तिथे मी पीएचडी करत होते. एक ओसाड पडत चाललेलं गाव सोडायचं की नाही, यावर मतदान होतं. होकाराची ठरलेली मतं पडली, तरच सरकार सगळ्यांना दुसरीकडे हलवणार होतं. एक मत कमी पडत होतं, ते गावातल्या मेरीआजीचं. तिचा नवरा तिथल्याच टेकडीवर पुरलेला होता.

मी वही घेऊन तिच्यासमोर बसले होते, शेगडीवर कॉड उकळत होता. तिची सख्खी बहीण दारातूनच म्हणाली, "आपल्या बापाने मत देऊन अख्खा देश कॅनडाला देऊन टाकला. तुला एक थडगं सोडवत नाही?"

मेरीआजीने शेगडी बंद केली आणि गाव सोडायला हो म्हणाली.

बहिणीचं असलं वाक्य आयतं मिळालं म्हणून मी खूश होते. माझा प्रबंध त्याच वाक्याने सुरू होतो. त्याच्यावरच मला इथली नोकरी मिळाली.

आज मेरीआजीचा चेहरा आठवून पाहिला. आठवेना. कसा आठवेल, मी खाली मान घालून लिहीत होते.