मधली नळी

उभा जन्म चाकं खोलण्यात गेलेल्या मिस्त्रीनं मेव्हण्याच्या जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या हबात दोन्ही बेअरिंगं ठोकली, वर धूळ अडवणारं रबरी ऑइल सील बसवलं आणि ॲक्सलचा नट आवळला. चाक जाम! नट आवळताना दोन्ही बेअरिंगांना एकमेकांपासून दूर धरणारी मधली नळी बाहेरच राहिली होती.

"थोडं सैल सोडा की," बायको म्हणाली, "फिरतंय छान."

"सैल सोडलं की फिरतंय, आवळलं की रुसतंय. तुझ्या भावावर गेलंय."

"दाजी, मी हळू चालवीन," मेव्हणा म्हणाला.

"हळू पडलास तरी हाडं मोडतातच."

नळी आत घालायची तर सील उपसून बेअरिंग बाहेर ठोकायला हवं होतं. असलं सील आता बाजारात मिळत नव्हतं, आणि उपसलेलं पुन्हा बसत नाही. हातोडा घेऊन, कंबर धरत मिस्त्री खाली टेकला. पहिल्याच घावाला सील फाटलं. त्यानं मान वर न करता दुसरा घाव घातला.