डिसकसपुढचं अबाउट

इंग्रजीचे मास्तर निवृत्त झाले, तरी चुका काढायची खोड काही गेली नाही. परगावच्या मुलीने मेसेजमध्ये ‘डिसकस अबाउट’ लिहिलं, की ते लगेच कळवायचे, "डिसकसपुढे अबाउट लागत नाही." हळूहळू तिचे मेसेज आटले, उत्तरादाखल नुसता अंगठा येऊ लागला. बायको गेल्यापासून तर घर खायला उठत होतं.

एका दुपारी मन घट्ट करून त्यांनीच लिहिलं, ‘आय वॉन्ट टू डिसकस अबाउट युवर मदर.’

लगेच फोन वाजला. "बाबा, बरं नाही का तुम्हाला? चक्क अबाउट लिहिलंत!"

"चुकलं गं. आईबद्दल बोलशील थोडं?"

 मुलगी म्हणाली, "आत्ता कामात आहे, संध्याकाळी नक्की फोन करते."

मास्तर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. दिवेलागणीला तो वाजला, तेव्हा त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.