जोडीची दौत

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्यांच्या देखत घडलं त्या मैत्रिणींनाही नाही — त्यांच्या लेखी त्या दिवशी काही घडलंच नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील, अप्पा, बंगळुरातल्या राजाजीनगरात यंत्रमागावर काम करतात. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि कॉलेजात इंग्रजी — तिथे माझी जीभच उचलायची नाही. ती उचलली अण्णांमुळे.

अण्णा आमच्या ओळखीचे. रविवारच्या बाजारात गोणपाट अंथरून जुन्या वस्तू विकतात. मूळचे कुठले, कुणाला ठाऊक? विचारलं की दर वेळी नवं गाव सांगतात. गिऱ्हाईक वाकलं की साध्या अडकित्त्यामागे एखादी रुसलेली राणी उभी राहते, गंजलेल्या कुलपामागे दोन भावांचं भांडण. सगळं मनचं. पण नेम एक — वस्तू विकली की तिची गोष्टही गेली, पुन्हा सांगायची नाही. मी लहानपणापासून शेजारी बसून ऐकायची. एकदा त्यांनी समई माझ्याच हातात दिली. "तू सांग गं अक्का. स्वल्प सावकाश. चुकलं तर समईचं चुकलं!"

कॉलेजात नाव लागलं तेव्हा त्यांनी मला एक पितळी दौत दिली. म्हणाले, "हिला गोष्ट नाही. ती तुझ्याकडून यायची."

आणि मी काय केलं? मैत्रिणींना सांगितलं, आमचे पूर्वज दरबारात चिटणीस होते, ही त्यांची दौत. बंगल्यांत राहणाऱ्या मुली त्या; दौत त्यांनी जपून हातात घेतली. मला किती बरं वाटलं! पण माझा गुन्हा हा नव्हे. एवढं तर अण्णांनी हसून सोडलं असतं.

एका रविवारी त्याच मैत्रिणी मला बाजारात घेऊन गेल्या. मी त्यांना दुसऱ्या वाटेने वळवायला बघितलं — जमलं नाही. अण्णांनी लांबूनच हाक दिली, "काय अक्का, आज फौज घेऊन? चहा सांगू?"

"तू ओळखतेस यांना?" एकीने विचारलं.

मी म्हणाले, "नाही. हे सगळ्यांनाच असं बोलावतात."

त्यांच्या तोंडावर. त्यांना कळेल अशा कन्नडमध्ये.

तेवढ्यात दुसरीला गोणपाटावर हुबेहूब तशीच दौत दिसली. "अय्यो, हिच्या चिटणीस पणजोबांची अगदी अशीच आहे!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग हात जोडले. "म्हणजे जोडीतली दुसरी तुमच्या घरी आहे होय, बाईसाहेब?" — आणि सांगू लागले. दरबारातल्या दोन दौती, एक काळ्या शाईची, एक तांबड्या शाईची. स्वारीच्या गडबडीत त्यांची ताटातूट कशी झाली... मैत्रिणी भारावून गेल्या. एक तर विकत घ्यायलाच निघाली. अण्णांनी मान हलवली. "जोडीची आहे. यांच्या घरून मागणं आलं तरच द्यायची."

मी काय केलं? मान डोलावली.

पुढच्या रविवारी गेले. अण्णांनी माझं नेहमीचं बसायचं खोकं पुढे सरकवलं, एक जुना आरसा हातात दिला. "सांग." मी सांगितलं. त्याच वर्षी वर्गात पहिल्यांदा उभी राहून इंग्रजीत बोलले — आज जे काही बोलते, ते त्या खोक्यावर बसून शिकलेलं.

ती दौत अजून गोणपाटावर आहे. चांगली चांगली गिऱ्हाइकं मागतात. जोडीची आहे, विकायची नाही, म्हणतात अण्णा. पुसून पुन्हा जागेवर ठेवतात. मी शेजारीच बसलेली असते.