शर्टाचं वरचं बटण

बाबांचे उपचार संपल्यापासून वर्षातून एकदा कर्करोग नोंदणी केंद्रातून फोन येतो. नंबर ओळखून बाबा आधी शर्टाचं वरचं बटण लावतात, मग फोन स्पीकरवर टाकतात.

"काका, तब्येत कशी आहे?" पलीकडची मुलगी विचारते.

"उत्तम! जेवण जातं, रोज फिरायला जातो."

तिला आपण दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आज ते बघताना वाटलं, हे "उत्तम" पुढे कुठे जात असेल? अशाच असंख्य उत्तरांतून, आणि न आलेल्या उत्तरांतूनही, डॉक्टरांना कळत जातं की कोणते उपचार किती साथ देतात. उद्या एखाद्या घाबरलेल्या माणसाला ते म्हणतील, "अहो, यातून माणसं बरी होतात." त्या माणसांत आमचे बाबाही असतील, नाव न सांगता.

फोन ठेवता ठेवता बाबांनी विचारलं, "हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर साळुंखे होते. त्यांनाही करता ना फोन?"

"काका, दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही आम्हाला."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. बाबा बटण काढत मला म्हणाले, "पुढच्या वर्षी परत विचारतो."